काचेआडचा घोस

मित्रांनो, स्वतःविषयी सांगायचे म्हटले की मला आधी मान खाली घालावी लागते. मी एक जुनी पिहलाया आहे, लाल फळांच्या घोसांचे थंड मुलखातले झाड. फिनलंडमध्ये सरोवराकाठच्या एका पिवळ्या लाकडी घराच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मी उभी आहे, आणि माझा जन्म एका पक्ष्याच्या विष्ठेतून झाला आहे. इतर झाडे आपल्या कुळाविषयी काय काय सांगतात! कुंपणाजवळचा बर्च म्हणतो, मला वाऱ्याने आणले. ऐकायला किती बरे वाटते. मला मात्र तिल्ही नावाच्या एका पक्ष्याने गिळले, पोटातून फिरवले आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या भिंतीपाशी टाकून तो उडून गेला. मागे वळून पाहिलेसुद्धा नाही.

राउहा तेव्हा या घरात नवी नवरी होती. सौना वाढवायचे ठरले तेव्हा घरातली माणसे मला उपटून फेकणार होती. तिनेच मला मुळांसकट काढले आणि खिडकीसमोर लावले. "पिहलाया आपणहून अंगणात आली असेल तर तिला हाकलायचं नसतं," ती म्हणाली. आमच्याकडे तशी रीत आहे. अंगणातली पिहलाया घराची राखण करते असे मानतात आणि तिला कोणी कुऱ्हाड लावत नाही. राखण मी काय करणार, मित्रांनो? मला ना हात, ना पाय. पण माझ्यावर एवढा विश्वास टाकला म्हणून मी सरळ वाढले. उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी फुले आणि पाने पिवळी पडू लागली की शेंदरी-लाल फळांचे घोस. राउहा त्यांचा मुरंबा करायची. इतका आंबट की खाणाऱ्याचा एक डोळा मिटायचा. पण मांसाबरोबर सगळे मागून घ्यायचे.

माझे खरे पाहुणे मात्र पंखांचे. पहिले येतात करड्या डोक्याचे कस्तूर. भांडकुदळ जात. एखादा आला की सगळे झाड आपल्याच मालकीचे समजतो आणि दुसऱ्याला फांदीवर टेकू देत नाही. मग येतो लाल छातीचा, जाड चोचीचा, मान नसलेला एक गुबगुबीत पक्षी. दिसतो गरीब. पण तो माझा गर थुंकून टाकतो, आतली बी फोडतो आणि तेवढीच खातो. तो जेवून गेला की खाली बर्फावर गराचा नुसता चोथा पडलेला असतो. त्याच्या पोटातून माझे एकही लेकरू जिवंत बाहेर पडत नाही.

आणि सर्वांत शेवटी येतात तिल्ही. अंगाचा रंग दुधाळ तपकिरी, डोक्यावर रेशमासारखा मऊ तुरा, शेपटीच्या टोकाला पिवळी किनार. पंखांवर लाखेचे लाल थेंब असतात, पूर्वी पाकिटावर मोहोर करायचे ना, तसे. पक्षी जसा मोठा होतो तसे ते थेंब वाढतात. आवाज म्हणाल तर दूरवर कोणीतरी बारीक घुंगरू हलवावे तसा. उन्हाळाभर ते उत्तरेच्या सूचिपर्णी झाडांच्या रानात असतात आणि डास पकडून खातात. फळे सापडेनाशी झाली की थव्याने निघतात. त्यांचे ठरलेले गाव नाही, ठरलेला रस्ता नाही. ज्या वर्षी मला फळ कमी येते त्या वर्षी ते फिरकतही नाहीत. तिल्ही कोणाचे पाहुणे नसतात, ते फळाचे पाहुणे असतात. पण एकमेकांशी त्यांचे वागणे पाहावे. एका फांदीवर ओळीने बसतात आणि एक फळ या चोचीतून त्या चोचीत सरकवत नेतात. फळ अख्खे गिळतात, चोच भरभरून बर्फ खातात, पुन्हा फळ गिळतात, आणि थोड्याच वेळात लाल शिंतोडे उडवून बिया जशाच्या तशा परत देतात. सरोवराकाठी जेवढ्या लहान पिहलाया दिसतात तेवढ्या अशाच उगवल्या आहेत. माझ्यासारख्याच.

आता लाजेची गोष्ट. फळे एकदा गोठली, ऊन लागून सैल झाली आणि पुन्हा गोठली, की ती घोसातच आंबतात. तिल्हींचे यकृत मोठे असते, त्यांना बरेच पचते. पण अधाशीपणाला यकृत तरी किती पुरे पडणार? काही वर्षी त्यांना चढते. फांदीवरून उलटे लोंबतात, बर्फात बसून डुलतात, दिशा चुकतात. रस्त्याने जाणारे हसतात. "बघा, राउहाच्या अंगणातला गुत्ता उघडला!" गुत्ता! आणि गुत्तेवाली कोण, तर मी. राखणदार म्हणून लावलेली.

जुन्या काळी त्यातून फार काही बिघडत नसे. घराच्या काचा वेड्यावाकड्या, धुरकट होत्या. मागे राउहाने विणलेला जाळीचा पडदा असे. पक्षी बर्फात पडत, शुद्धीवर येत आणि खजील होऊन निघून जात. मीही त्यांच्याबरोबर खजील होत असे. एवढ्यावर भागत होते.

मग राउहाच्या मुलाचे, ताउनोचे लग्न झाले आणि हेल्का घरात आली. कॉलेज शिकलेली, शहरात वाढलेली, काळजीने कायम खांदे वर ओढलेली मुलगी. तिच्या पोटात बाळ होते त्या शरद ऋतूत ताउनोने स्वयंपाकघराला नव्या काचा बसवल्या. गुळगुळीत, तळ्याच्या पाण्यासारख्या. त्या काचेत मी स्वतःला पहिल्यांदा सबंध पाहिले. सांगायला संकोच वाटतो, पण मी कितीतरी दिवस दुसरे काही पाहिलेच नाही.

बाळ झाले, मुलगी. आमच्याकडे बारशाच्या दिवसापर्यंत बाळाचे नाव कोणाला सांगत नाहीत. ते फक्त आईबापांना माहीत असते. तोवर घरातले सगळे तिला 'कणी' म्हणत. आणि नातीच्या नात्याने हेल्का सासूला 'मुम्मो', म्हणजे आजी, म्हणू लागली.

थंडीआधी आमच्याकडे खिडकीला आतून दुसरी काच बसवतात. दोन काचांच्या मध्ये ओल धरू नये म्हणून पांढरे दगडफूल पसरतात, त्यावर शोभेला पिहलायाच्या फळांचा एखादा घोस ठेवतात, आणि मग कडेने कागदाची पट्टी चिकटवून फट बंद करतात. राउहा हे वर्षानुवर्षे करत आली होती. त्या वर्षी तिचे गुडघे दुखत होते.

"मुम्मो, यंदा मी लावू का?" हेल्काने विचारले. "बारशाला सगळे येणार. छान दिसेल."

"लाव की. पण घोस लहान घे. आणि पडदा कुठं गेला?"

"धुवायला काढलाय. आणि खरं सांगू? तो लावला की घर म्हातारं दिसतं."

"घर म्हातारंच आहे," राउहा म्हणाली. "आणि मीपण. मला कुठं धुवायला टाकणार आहेस?"

हेल्का हसली, पण तिचे कान लाल झाले. तिने माझ्या दक्षिणेकडच्या फांदीवरचे सगळ्यात टपोरे घोस तोडले, एक नव्हे, चांगले ओंजळभर. दगडफुलावर नीट मांडले, कागद चिकटवला, आणि बाहेरून काच इतकी घासली की ती आहे हेच कळेना. मागे दिवा लावला. बर्फाच्या करड्या दिवसात ते घोस निखाऱ्यासारखे दिसू लागले. सासूला आवडावे म्हणून तिने हे केले होते. राउहा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा बरं जमलंय." त्या एका वाक्यावर हेल्का दिवसभर गुणगुणत होती. मीही फुगले होते. मी बाहेर होते, आतही होते आणि काचेवरही होते.

कणीला दुपारी बाबागाडीत घालून माझ्या खाली झोपवत. आमच्याकडची बाळे थंडीत बाहेरच गाढ झोपतात. लोकर, पिसांची दुलई, वर पांढरे पांघरूण. हेल्कालाही हे ठाऊक होते, तीही तशीच झोपून वाढली होती. पण आई झाल्यावर ठाऊक असणे पुरत नाही. ती दर थोड्या वेळाने बाहेर येई, हातमोजा काढून बाळाच्या मानेशी बोट घाली, श्वास ऐकी, आत जाई आणि पुन्हा येई.

"दर वेळी उठवून विचारतेस का तिला, झोपलीस का म्हणून?" राउहा खिडकीतून ओरडे.

"मान गार लागली मुम्मो!"

"तुझं बोट गार आहे गं, तिची मान नाही."

बारशाच्या आदल्या दिवशी तिल्ही आले. सगळे आकाश बारीक घुंगरांनी भरून गेले. त्या वर्षी घोस भरपूर होते आणि ते आंबलेलेही होते. त्यांनी हावरटासारखे खाल्ले. मी थांबवू शकले नाही. झाडाला फांदी आवरून घेता येत नाही, मित्रांनो. खाली बाबागाडीत कणी झोपली होती.

पहिला पक्षी उडाला तो सरळ खिडकीकडे. धप्प, असा आवाज झाला. उशी आपटावी तसा. तो खाली पडला आणि हलला नाही. दुसरा त्याच्या मागे गेला. तो काचेवरून उसळून थेट बाबागाडीच्या पांढऱ्या पांघरुणावर पडला. वर बसलेल्या थव्याने घाबरून एकदम पोट मोकळे केले. पांढऱ्या पांघरुणावर लालच लाल.

हेल्काने आतून ते पाहिले. तिला पक्षी दिसला नाही, फक्त लाल दिसले.

ती मोजे घातलेल्या पायांनीच बर्फातून धावत आली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. तिने पांघरूण ओढून फेकले, दुलई उघडली, बाळाला उचलले, उलटे केले, सुलटे केले. कणी जागी झाली आणि खणखणीत रडू लागली. तिला कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"रक्त!" हेल्का ओरडत होती. "ताउनो, रक्त आहे!"

ताउनो धावत आला. त्याने बोटाने पुसून पाहिले. "बी आहे त्यात. अगं, शी आहे ती. पिहलायाची फळं खाऊन केलेली शी."

हेल्का बाळाला छातीशी धरून उभी होती. भीती उतरली तशी तिच्या चेहऱ्यावर लाज चढली. शेजारच्या अंगणातून दोन माणसे बघत होती. आणि लाजेला कोणावर तरी रागवावेच लागते.

"तोडून टाक हे झाड," ती म्हणाली. "आत्ता. तो पक्षी तिच्या तोंडावर पडला असता तर? दारू पिऊन पडतात ही पाखरं, आणि मी माझं मूल खाली ठेवते! उद्या सगळे येतील, उद्याही हेच होईल. तोड."

ताउनोचा चेहरा पडला. "हे नको गं, हेल्का. दुसरं काहीही सांग."

"मुम्मोला घाबरतोस?"

"तसं नाही. का, ते तुला माहीत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "हेच झाड कसं तोडू, सांग ना."

मला वाटले, तो रीतीला घाबरतोय. राउहाही काठी टेकत बाहेर आली होती. अंगणातल्या पिहलायावर करवत, हे ऐकून तिचे ओठ पांढरे झाले. तिने खिडकीखाली वाकून तो पहिला पक्षी उचलला. त्याची मान एका बाजूला लोळली. तो मेला होता. त्याच्या पंखावर लाखेचे थेंब दाट होते. कितीतरी हिवाळे पाहिलेला जीव. राउहाने त्याला आपल्या ॲप्रनच्या मोठ्या खिशात ठेवले.

"आण करवत," हेल्का पुन्हा म्हणाली. ताउनो सौनामागच्या छपरीकडे पाय ओढत गेला.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल मी घाबरले असेन. नाही. मला ते बरोबर वाटले. ज्या पोटातून मी या जगात आले त्याच जातीला मी मारले होते. बाळाच्या अंगावर मी पक्षी पाडले होते. असली कसली राखण? करवतीची मी वाट पाहत होते.

हेल्काने बाळ सासूकडे दिले. बाबागाडीजवळ दुसरा पक्षी बर्फात पडला होता, चोच उघडी, डोळा अर्धा मिटलेला. त्याची छाती भराभर हलत होती. तिने बाबागाडीतली कणीची जादा लोकरी टोपी घेतली, तिच्यात त्याला ठेवले आणि दोन्ही तळव्यांत धरून समोर सौनाच्या पायरीवर बसली. तिची मान आपोआप खिडकीकडे वळली. पायरीवरून खिडकी अगदी पक्ष्याला दिसेल तशी दिसत होती.

काच दिसतच नव्हती. काचेत मी होते, सगळ्या फांद्यांसकट, मागे मोकळे आकाश. आणि त्या फांद्यांच्या मधोमध, दिव्याच्या उजेडात, सगळ्यात टपोरे, सगळ्यात लाल घोस. खरे. बोलावणारे.

तिचे खांदे एकदम खाली आले.

"मुम्मो," ती म्हणाली. "झाडानं नाही. मी बोलावलं त्यांना."

राउहाने खिडकीकडे पाहिले. मग ॲप्रनमधल्या पक्ष्याकडे. "घोस लावायला मीच शिकवलं," ती म्हणाली. "माझ्या वेळी काच धुरकट होती म्हणून चाललं. मला वाटायचं, माझ्या हाताला यश आहे."

दोघी बायका दोन बाजूंना पाहत राहिल्या. त्या क्षणी त्या अंगणात लाज वाटत नव्हती ती फक्त कणीला. तेवढ्यात टोपीतल्या पक्ष्याने डोळा उघडला, हेल्काच्या तळहातावर एक लाल शिंतोडा टाकला, आणि उडून बर्चवर जाऊन बसला. हेल्काने हात पाहिला. शिंतोड्यात दोन बिया होत्या. तिने हात पुसला नाही. खाली वाकून त्या बिया माझ्या बुंध्यापासून जरा दूर, बर्फात दाबून ठेवल्या.

ताउनो करवत घेऊन आला, तर बायको खिडकीची कागदाची पट्टी ओरबाडून काढत होती.

"आता हे काय? घर गार पडेल ना!"

"पडू दे. ती करवत ठेव जागेवर."

तिने आतली काच काढली, घोस बाहेर आणले आणि कुंपणाच्या खांबांना बांधले. मग कपडे धुण्याच्या साबणाची कोरडी वडी घेतली आणि तिने स्वतः घासून चकचकीत केलेल्या त्या काचेवर बाहेरून रेघा ओढायला लागली. उभ्या, आडव्या, जवळजवळ. ताउनो बघतच राहिला.

"उद्या बारसं आहे, हेल्का."

"मला माहिती आहे उद्या काय आहे," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, पण हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. बर्फ झटकत, केक घेऊन, बुटांचा ढीग दारात. ताउनोची लेम्पी आत्या अंगणातच थबकली. "अगं बाई, ही काच! बारशाला तरी पुसायची होती. आजकालच्या मुलींना वेळच नाही."

हेल्का दारात उभी होती. तिच्या मानेपासून कपाळापर्यंत लाली चढताना मी पाहिली.

मागून राउहा म्हणाली, "लेम्पी, ती काच अशीच राहणार आहे. तू आत ये, कॉफी गार होतेय. आणि बूट काढ, मग स्वच्छतेचं बोल."

खिडकीला जुना जाळीचा पडदा पुन्हा लागला होता, पण मधोमध थोडा उघडा ठेवला होता. त्या फटीतून, साबणाच्या रेघांमधून मी पाहिले. पाद्रीबाई आल्या. सगळे गोल उभे राहिले. कणी लांबलचक पांढऱ्या झग्यात आईच्या हातांवर होती. पाद्रीबाईंनी विचारले, "बाळाचं नाव काय?"

हेल्काने माझ्याकडे पाहिले. खरेच, मित्रांनो, खिडकीतून बाहेर.

"पिहला," ती म्हणाली.

पिहला. पिहलायाची मुलगी. ते नाव बाळाच्या जन्माआधीच त्या दोघांनी ठरवून ठेवले होते. म्हणून ताउनोला करवत उचलवत नव्हती. आत राउहाने ॲप्रनचे टोक डोळ्यांना लावले. त्याच ॲप्रनमधून तिने आदल्या संध्याकाळी तो पक्षी माझ्या मुळाशी आणून पुरला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझ्या नावाचे मूल आत आणि माझ्या पायाशी तो पक्षी, या दोन्हींच्या मध्ये उभे राहून मान वर करता येईना. अजूनही येत नाही. तिल्ही अजून येतात, अजून पितात, अजून डुलतात. पण आता ते बर्फात पडतात, काचेवर नाही. शरद ऋतू आला की पिहला साबणाची वडी घेऊन स्टुलावर चढते. तिच्या रेघा वाकड्या असतात आणि तिचा हात पुरतो तिथवरच असतात. वरच्या तिची आई ओढते. अंगणात एक लहान पिहलाया गुडघ्याएवढी झाली आहे. ती त्या दोन बियांपैकी एक असेल की दुसऱ्या कोणी टाकलेली, मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरालाही काच असेल, तुमच्याही दारात एखादे फळझाड असेल, आणि आंबट-गोड खायला येणारी पाखरे असतील. काच जरूर पुसा. पण पुसून झाली की एकदा बाहेर जा, झाडाखाली उभे राहा आणि पाखराच्या जागेवरून ती पाहा. काचेत तुम्हाला झाड दिसले तर ते त्यालाही दिसणार आहे. मग तिच्यावर दोन रेघा ओढा, एखादा जुना पडदा लावा, आणि कोणी नावे ठेवली तर ठेवू द्या.

फळांनी वाकलेली मान आणि शरमेने वाकलेली मान लांबून सारखीच दिसते. तुम्ही एवढे कराल, तर एखाद्या हिवाळ्यात माझी मान नुसती फळांनी वाकलेली असेल.